मूल समितीपुढे, आईबाप दाराबाहेर. कुटुंबाची बाजू मांडणार कोण?

किकवी (ता. भोर) : चोरीच्या गुन्ह्यात एखादा पकडला गेला, की न्यायाधीश त्याला विचारतात, वकील दिलाय का? नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. पण मूल घरी ठेवायचं की बालगृहात, हा निर्णय होतो तेव्हा त्याच्या आईला हा प्रश्न कोणी विचारेलच असं नाही. बाल न्याय कायद्यात मुलाला कायदेशीर मदत मिळवून देण्याची तरतूद आहे. आईबापांच्या वकिलाचा मात्र त्यात वेगळा उल्लेख नाही.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांत हा प्रश्न कागदावरचा नाही. महामार्गालगतचे ढाबे, गॅरेज आणि वीटभट्ट्या, डोंगराकडच्या कातकरी वस्त्या, कामासाठी सहा-सहा महिने बाहेर राहणारी कुटुंबं, दारूपायी मोडलेली घरं, अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत ठरणारी लग्नं. यातल्या कोणत्याही घरातलं मूल उद्या बालकल्याण समितीपुढे उभं राहू शकतं. त्या दिवशी घरच्यांनी काय बोलावं आणि कोणाकडे जावं, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं.

समिती म्हणजे नेमकं काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा २०१५ सालचा. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समिती नेमली. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचे अधिकार आहेत. म्हणजे ही ग्रामपंचायतीसारखी समिती नाही. तिचा आदेश हा कोर्टाच्या आदेशासारखाच पाळावा लागतो.

मूल सापडलं, पळून आलं, कामावर आढळलं, मारहाण किंवा अत्याचार झाला, लग्न ठरल्याची खबर लागली, आईबाप सांभाळू शकत नाहीत असं दिसलं, की ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ ठरतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला समितीपुढे हजर करावं लागतं. पोलीस, १०९८ चाइल्डलाइन, अंगणवाडी सेविका, शिक्षक, परिचारिका, एवढंच नव्हे तर कोणीही नागरिक हे करू शकतो.

त्यानंतर चौकशी सुरू होते. परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन पाहणी करतो. या सामाजिक तपासणी अहवालाला कार्यालयात गृहचौकशी म्हणतात. कायद्याने त्यासाठी १५ दिवस दिले आहेत. पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा आणि तो देताना किमान तीन सदस्य हजर हवेत. मूल घरी परत द्यायचं, देखरेखीखाली द्यायचं, आजी-मामा अशा योग्य व्यक्तीकडे द्यायचं, की बालगृहात ठेवायचं, हे समिती ठरवते.

हे सगळं मुलाच्या भल्यासाठीच आहे, याबद्दल वाद नाही. बाप रोज मारत असेल किंवा घरातच अत्याचार होत असेल, तर मूल आधी बाहेर काढलंच पाहिजे. वकील, तारीख, कागद या गोष्टी नंतरच्या. पण समितीपुढे येणारं प्रत्येक घर असं नसतं. पुष्कळ वेळा आईबापांचा गुन्हा एकच असतो, गरिबी.

इगतपुरीत काय झालं होतं?

२०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे परिसरातली कातकरी मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबत असल्याचं उघड झालं. काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू, एवढ्या बदल्यात मुलं दिली गेली होती. साधारण दहा वर्षांच्या एका मुलीला गंभीर अवस्थेत आईबापांच्या झोपडीपाशी आणून सोडलं होतं. रुग्णालयात तिचा मृत्यू झाला आणि मग बाकीची प्रकरणं बाहेर आली. वेठबिगारी बंदी कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले, मुलांची सुटका झाली.

यातला खरा पेच सुटकेनंतरचा आहे. मूल देणारे आईबाप कोण, आरोपी की पीडित? पैसे घेतले म्हणून ते दोषी म्हणावेत, की उचल फेडता येत नाही म्हणून स्वतःच बिगारीत अडकलेलं कुटुंब म्हणावं? एक उत्तर दिलं तर ‘हे आईबाप मुलाला सांभाळायला लायक नाहीत’ असा शेरा कागदावर येतो. दुसरं उत्तर दिलं तर त्याच कुटुंबाला पुनर्वसन मिळायला हवं. वेठबिगारांसाठीच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या मुलासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. एकाच घटनेचे असे दोन अर्थ निघतात. कोणता अर्थ समितीपुढे मांडला जाईल, हे त्या घराच्या बाजूने बोलणारं कोणी आहे की नाही, यावर ठरतं.

कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे. भोर-वेल्ह्यातही त्यांच्या वस्त्या आहेत. ज्याच्याकडे जातीचा दाखला नाही, जमिनीचा उतारा नाही, तो चौकशीत स्वतःची बाजू कोणत्या कागदावर सिद्ध करणार?

कायदा काय देतो, काय देत नाही

गंमत अशी, की फुकट वकील मिळण्याचा हक्क यातल्या बहुतेक कुटुंबांना आजच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ नुसार पुढच्या लोकांना मोफत वकील मिळतो :

• कोणतीही महिला आणि कोणतंही मूल. उत्पन्नाची अट नाही.
• अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती. इथेही उत्पन्नाची अट नाही.
• दिव्यांग, वेठबिगार, मानवी तस्करीचा बळी, आपत्तीग्रस्त, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती.
• बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे.

म्हणजे मुलाची आई कोणत्याही जातीची, कितीही उत्पन्नाची असो, तिला वकील मोफत आहे. मग अडतंय कुठे? हक्क आहे, पण तो सांगण्याची जबाबदारी नक्की कोणाची, हे ठरलेलं नाही. फौजदारी खटल्यात ती न्यायाधीशावर आहे. गुन्ह्यात सापडलेल्या मुलासाठी बाल न्याय मंडळावर आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पोक्सो कायद्याचं कलम ४० तर स्पष्टच सांगतं, की मुलाच्या कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील लावता येईल आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण देईल. बालकल्याण समितीपुढच्या आईबापांसाठी इतकं स्पष्ट वाक्य बाल न्याय कायद्यात नाही.

तरीही दार बंद आहे असं नाही. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वं दिली आहेत. न्यायिक अधिकार वापरणाऱ्या प्रत्येकाने बाजू ऐकून घेतली पाहिजे, पक्षपात करू नये, फेरविचाराची संधी द्यावी, असं तिथे लिहिलं आहे. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय, हेही त्याच कलमात आहे. शिवाय १५ जून २०११ पासून लागू झालेलं वकील कायद्याचं कलम ३० सांगतं, की जिथे कायद्याने साक्षीपुरावा घेता येतो, तिथे वकिलाला काम चालवता येतं.

भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही मान्य केला. त्याचं नववं कलम हेच सांगतं : मूल आईबापांपासून वेगळं करायचं असेल, तर सगळ्या संबंधितांना आपलं म्हणणं मांडू दिलं पाहिजे.

वकील असला तर फरक काय पडतो?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण गावात अजून चालते. त्यामुळे वकील म्हणजे भांडण, असा समज आहे. समितीपुढच्या कामात वकिलाचं काम भांडणाचं कमी आणि कागदाचं जास्त असतं.

*पहिलं, गृहचौकशीचा अहवाल.* अधिकारी आला त्या दिवशी आई ऊसतोडीला किंवा भट्टीवर गेली असेल, घराला कुलूप असेल, तर ‘घरी कोणी नाही’ एवढंच लिहिलं जातं. पुढे तेच वाक्य निर्णयाला आधार होतं. अहवालात काय लिहिलंय ते विचारणं, चूक असेल तर लेखी सांगणं, शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, मजुरीचा पुरावा जोडणं, हे माहीतगार माणूस करू शकतो.

*दुसरं, पर्याय दाखवणं.* गरिबी हेच कारण असेल तर त्यावर बालगृहाशिवाय इतर उपाय आहेत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांपेक्षा जास्त नसावं. विधवा आई, आजारी बाप, आजीकडे राहणारं मूल, अशा घरांनी या योजनांचा अर्ज केला तर मूल घरात राहू शकतं. पण ‘आम्हाला योजना द्या, मूल आमच्याकडे राहू द्या’ अशी मागणी कोणीतरी समितीपुढे मांडावी लागते.

*तिसरं, मुदती.* समितीचा आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयावरचं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर तीही जिल्हाधिकाऱ्यांकडेच करता येते. आदेशाची प्रत हातात नसेल आणि तारीख माहीत नसेल, तर हे तीस दिवस कधी सरले हे कळतही नाही.

*चौथं आणि सगळ्यात नाजूक, मूल सोडून देण्याचा कागद.* अडचणीतली आई, विशेषतः लग्नाआधी आई झालेली मुलगी, समितीपुढे मूल स्वाधीन करते. सही करण्याआधी तिचं समुपदेशन झालंच पाहिजे. सहीनंतर विचार बदलायला कायदा तिला दोन महिने देतो. ते दोन महिने संपले, की मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर होऊ शकतं. मग मागे येणं जवळपास अशक्य. टाकून दिलेलं समजून आणलेल्या मुलाबाबतही घड्याळ चालू असतं. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करता येतं. गर्दीत हरवलेलं पोर आणि टाकलेलं पोर यातला फरक या मुदतीत सिद्ध व्हावा लागतो.

या मुदतींचं महत्त्व पुणे जिल्ह्याला सांगायची गरज नाही. पुण्यातल्या ‘प्रीत मंदिर’ या दत्तक संस्थेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये सीबीआयकडे तपास आला. गरीब आईबापांना फसवून त्यांची मुलं दत्तकासाठी मिळवल्याचे आरोप त्यात होते. अशा तक्रारींची दाद लागायला वर्षं जातात, तोवर मूल दुसऱ्या देशात वाढलेलं असतं. सहीच्या दिवशी त्या आईशेजारी तिच्या बाजूचा एक वकील असणं, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी बाजूही आहे

वकील नकोत असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. समिती मुद्दामच कोर्टासारखी ठेवलेली नाही. काळा कोट, उलटतपासणी, आरडाओरडा यांनी मूल घाबरतं. वकील आले की तारखा वाढतील आणि मूल तेवढे दिवस संस्थेत अडकेल, ही भीतीही खरी आहे. शिवाय अत्याचार करणाऱ्या घराने चांगला वकील लावून मूल परत नेलं तर काय?

याचं उत्तर असं, की मुलाचा वकील आणि आईबापांचा वकील हे दोन वेगळे असले पाहिजेत. मुलाचं हित आणि आईबापांचं म्हणणं नेहमी एकच नसतं. एकाच वकिलाने दोघांचं काम पाहिलं तर मुलाचाच आवाज दबतो. आणि ज्या घरात पैसा आहे, ते आजही वकील लावतंच. मोफत वकिलाचा प्रश्न येतो तो पैसा नसलेल्या घराचा. नियम न करण्याचा फटका त्यालाच बसतो.

बाहेरच्या देशांत काय चालतं?

इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाने मूल ताब्यात घेण्यासाठी अर्ज केला, तर आईबापांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अमेरिकेत १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की प्रत्येक गरीब पालकाला वकील देणं संविधानाने बंधनकारक नाही. तरी बऱ्याच राज्यांनी स्वतःच्या कायद्याने ते दिलं आणि २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारनेही त्यासाठी निधीचा रस्ता मोकळा केला.

नॉर्वेमधल्या बंगाली कुटुंबाची गोष्ट २०२३ च्या ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ या सिनेमामुळे गावागावात पोहोचली. तिथल्या यंत्रणेने २०११ मध्ये दोन मुलं नेली तेव्हा आपल्याकडे सगळे संतापले. आईची बाजू कोणी ऐकत नाही, म्हणाले. अखेर २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयातून आईला मुलं मिळाली. परक्या देशातल्या आईसाठी जो न्याय मागितला, तोच आपल्या तालुक्यातल्या आईलाही लागू व्हायला हवा.

अंतराचाही हिशेब आहे

समितीचं काम पुण्यात. कायद्याप्रमाणे ती महिन्यातून किमान २० दिवस बसते. किकवी महामार्गावर आहे, एसटी मिळते. पण वेल्ह्याच्या डोंगराआडच्या वस्तीतून निघालेल्या माणसाचा एका तारखेला अख्खा दिवस जातो. मजुरी बुडते, भाड्याचे पैसे वेगळे. दोन हेलपाटे झाले की तिसऱ्याला माणूस जात नाही. कागदावर त्याची नोंद ‘पालक गैरहजर’ अशी होते. वाचणाऱ्याला वाटतं, यांना मूल नकोच आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र लिहून संस्थांमधली मुलं घरी परत देण्यास सांगितलं होतं. त्या वेळी देशातल्या संस्थांमध्ये सुमारे २.५६ लाख मुलं होती आणि त्यातली ७० टक्क्यांहून अधिक या आठ राज्यांत. कुटुंब असूनही मुलं संस्थेत राहतात, हे त्या पत्रातूनच स्पष्ट झालं.

गावाला आजपासून काय करता येईल?

कायदा बदलायला वेळ लागेल. पण बऱ्याच गोष्टी आहे त्या व्यवस्थेत होऊ शकतात.

१. मूल समितीपुढे नेलं जात असेल तर आईने किंवा नातेवाइकाने लगेच १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करावा. भोर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो.

२. प्रत्येक आदेशाची प्रत मागावी आणि त्यावरची तारीख पाहून ठेवावी. अपिलाचे ३० दिवस आणि मूल स्वाधीन केल्यास फेरविचाराचे दोन महिने, हे दोन आकडे विसरू नयेत.

३. न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करू नये. मराठीत वाचून दाखवा, असं म्हणण्याचा हक्क सगळ्यांना आहे.

४. तारखेला जाणं शक्य नसेल तर आधी लेखी कळवावं. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा दाखला सोबत द्यावा.

५. सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावर असते. तिची बैठक घ्यावी. स्थलांतर करणारी, एकल आईची आणि आजीकडे मुलं असलेली घरं आधीच ओळखून बालसंगोपनचे अर्ज भरून घेतले, तर पुढची वेळच येणार नाही.

६. मुलाचा फोटो, नाव, गाव व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

विधी सेवा प्राधिकरणासाठीही एक सोपी गोष्ट आहे. समितीच्या कार्यालयात ठरलेल्या दिवशी पॅनेलवरचा एक वकील बसवावा आणि पालक आले की पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला वकील हवा आहे का’ हा प्रश्न नोंदवहीत लिहून घ्यावा. याला नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरेसं आहे. तोवर किकवीतल्या एखाद्या आईला ते विचारणारं माणूस गावातलंच असावं लागेल. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामसेवक, शिक्षक, कोणीही चालेल. १५१०० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये असला, तरी सुरुवात झाली.